तीन एकर, माझ्या नावावर

१७ जानेवारी, शनिवार

आज नवऱ्याला गाडीच्या मागच्या सीटवर आडवा केला आणि वर घोंगडी टाकली. इलाजच नव्हता! मागे दोनदा जमीनवाल्यांनी रास्मुसचा गोरा चेहरा पाहिला आणि किंमत जागच्या जागी दुप्पट झाली. एकाने तर विहिरीचे वेगळे पैसे सांगितले — विहीर नव्हतीच तिथे.

तिमाऊ गावाजवळच्या उतारावरची ही तीन एकर. मालकीण कारेगी आजी — विधवा, एकटीच राहते. मुलगा मोम्बासाला बोलावतोय म्हणून विकायचंय. मी गोड गोड बोलत बांधावरून फिरले. बटाट्याची भुसभुशीत माती, खाली ओढा. आजीची नजर सारखी गाडीकडे. मग आत गेली, चहाचा कप घेऊन सरळ गाडीपाशी आली आणि काचेवर टकटक केलं.

"आत बकरी आहे की नवरा?"

रास्मुस घोंगडीतून उठला — केस उभे, तोंड लालबुंद! आमच्या मेरू भाषेत आजीला नमस्कार केला. नऊ वर्षं इथे पाण्याचे पंप दुरुस्त करतोय, बोलतो झकास.

"किंमत तीच," आजी म्हणाली. "तू गोरा म्हणून माझी माती काही गोरी होत नाही. चहा पी."

कुठे तोंड लपवू असं झालं मला. घर येईपर्यंत दोघं हसत होतो.

२० जानेवारी

कचेरीतल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं — "शेतजमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. अर्धीसुद्धा नाही. बाईच्या नावावर करा." रास्मुस म्हणाला, "बरं." एवढंच. मीच आपली कारकुनाशी वाद घालत बसले.

२५ जानेवारी, रविवार

रास्मुसच्या बहिणीचा डेन्मार्कहून फोन. यानेच सांगितलं मला — "ती म्हणते, उद्या बायकोने हाकललं तर तुझ्या हातात काय? एक सुटकेस!" आणि हसला.

मी नाही हसले. जमिनीत घालतोय ते पैसे म्हणजे त्यांच्या वडिलांची डुकरांची वाडी विकली, त्यातला याचा वाटा. सगळाच्या सगळा.

"तुला भीती नाही वाटत?"

वाटाणे सोलता सोलता थांबला. "वाटते ना. थोडी." मग माझं नाव घेऊन म्हणाला, "वाडीच्या कागदावर बाबांचं एकट्याचं नाव होतं, काग्विरिया. तरी गेलीच की."

एवढा विश्वास टाकतात का कुणावर? आपल्याला पेलायला नको?

२७ जानेवारी

रास्मुसने भिंतीवर शेताचा नकाशा चिकटवलाय. बटाटे इथे, वाटाणे तिथे, डुकरं ओढ्याकडे. "चालेल ना, मालकीणबाई?" — उशी फेकून मारली.

८ फेब्रुवारी, रविवार

आईला भेटायला गेलो. मुथोमीदादाने सोड्याच्या बाटल्या मागवल्या तेव्हाच समजले, काहीतरी आहे. बाबा गेले तेव्हा त्यांचं सगळं शेत दादाकडे आलं. मी लग्न होऊन गेलेली, मला कशाला!

"जमीन माझ्या नावावर ठेव," दादा म्हणाला. "बाईच्या नावावरची जमीन टिकत नाही. उद्या तुझा हा विमानात बसून गेला तर?"

"गेला तर जमीन माझीच राहील."

"तेच तर म्हणतोय मी!"

रास्मुस शेजारीच बसलेला. "दादा, मला विमानात चक्कर येते," म्हणाला. पोरं खोखो हसली. दादा नाही हसला. "जमीन मंडळापुढे येऊन खरेदीला हरकत घेईन," म्हणाला.

आई समोरच बसली होती. एक शब्द बोलली नाही. लेकीच्या बाजूने एक शब्द! निघताना विचारलंच — "आई, तुला काय वाटतं गं?" तर म्हणे, "अंधार पडायच्या आत पोचा."

रस्ताभर रडले. रागाने.

१० मार्च, मंगळवार

झालं! झालं! झालं!

सगळं लिहिते. मंडळाने होकार दिल्याशिवाय इथे वीतभर शेतजमीन विकता येत नाही. सात वडीलधारी माणसं टेबलामागे ओळीने. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं.

"पैसे कुणाचे?"

"दोघांचे."

"मग जमीन कुणाची?"

"कागद माझा. तण दोघांनी काढायचं."

सगळे हसले. तेवढ्यात मागून मुथोमीदादा उभा!

"माझी हरकत आहे. मी हिचा भाऊ."

"तुम्ही विकताय?"

"नाही."

"घेताय?"

"नाही, पण —"

"मग बसा. बाक रिकामा आहे."

आणि कारेगी आजी काठी टेकत उठली. "सासऱ्यांनी ही जमीन नवऱ्याला दिली. नवरा गेला तेव्हा दिरांनी चार वर्षं मला कोर्टात फिरवलं. आता एकदा तरी बाईच्या हातून बाईच्या हातात जाऊ दे. माझी हौस आहे. मधे पुरुष घालू नका." रास्मुसकडे वळून, "तू बाळा, तू राबायला चालशील."

होकार मिळाला. दादा तडक निघून गेला. मला वाईट वाटलं. पण थोडंसंच!

१९ मार्च

पाऊस लागायच्या आत नांगरून झालं. रास्मुसच्या हातांना फोड.

२१ एप्रिल, मंगळवार

कागद आला. वर माझं नाव, एकटीचं. रास्मुसने मोठ्याने तीनदा वाचलं, मग माझ्या हातात दिला आणि गेला ओढ्याकडे. जरा वेळाने मागे गेले. गुडघ्यावर बसून बटाट्यांना माती लावत होता, डोळे पुसत. "वारा आहे," म्हणाला. वारा नव्हता. मीही बसले शेजारी. दुसरी सरी मी धरली.

२६ एप्रिल, रविवार

आजी मोम्बासाला गेल्यापासून आम्ही इथे शेतावर, तिच्याच घरात. सकाळी फाटकापाशी सामानाची रिक्षा उभी. वर पलंग, दोन गाठोडी, तीन कोंबड्या. आणि पुढे बसलेली आई!

"दादाशी भांडलीस?"

"नाही गं. बापाच्या घरी राहिले, नवऱ्याच्या राहिले, मुलाच्या राहिले. तुझ्या नावाचा कागद येईपर्यंत तोंड बंद ठेवलं — आधीच बोलले असते तर मुथोमीने मला गाडीत बसू दिलं नसतं." पलंगाकडे बोट केलं. "कुठे ठेवायचा? लेकीच्या जमिनीवर कधी झोपले नाही मी."