नवी पेठेत तू बोललीस

आई, तुला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि या दिवाळीत तू नवी पेठेत बोललीस.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी लेकीला घेऊन भावाच्या दुकानात गेले होते. तुझ्यामागे धाकट्यानं फराळाचं दुकान टाकलंय, हे तुला ठाऊक नाही. बाहेर ही गर्दी, चकचकीत खोक्यांची चळत, दोनावर एक फुकट असा फलक आणि दारावर मोठा टीव्ही. मी पायरी चढतेय तोवर त्यातून आवाज आला, "या बाळांनो, आईच्या हातचा फराळ न्यायला विसरू नका. आज खास सवलत!" वर पाहिलं तर तू. ओठ हलत होते, पापण्या लवत होत्या. अंगावर जरीची साडी, हातात पाटल्या. मी पायरीवरच थांबले. लेक मात्र टाळ्या पिटत होती, "आजी बोलली! आई, आजी बोलली!" तिनं तुला आजवर फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलेलं.

"मोबाइलवर होतं गं ते आता," धाकटा म्हणाला. "एक फोटो दिला की झालं."

"आई अशी बोलायची? सवलत हा शब्द तरी तिच्या तोंडी होता का?"

"तिच्या केम गावच्या बोलीत बोलली असती तर पार पुण्याहून ऑर्डरी आल्या असत्या व्हय? आणि फोटो तूच पाठवलास की, ताई."

पाठवला होता. कशाला हवाय, एवढंही विचारलं नव्हतं.

मला ते वर्ष आठवलं, बाबांची गिरणी बंद पडली आणि तू लोकांचा फराळ करून द्यायला लागलीस ते. मी दहा वर्षांची. स्वयंपाकघरात रॉकेलचा वास कोंडलेला, तू स्टोव्हपुढं बसून खसखशीवर अनारसे थापतेस, बोटांवर फोड आलेत. पीठ बिघडलेलं, अनारसे कढईत विरघळून जातात. ऑर्डर चुकू नये म्हणून तू शेजारणीकडून अनारसे आणतेस. न्यायला आलेल्या बाईंना मी ऐटीत सांगते, "आमच्या आईनं केलेत." तू तिथल्या तिथं म्हणतेस, "न्हाय बाई, शेजारनीचं हायेत. माजं बिगडलं." त्या गेल्यावर माझा कान पिळून, "जे माज्या हातचं न्हाय, त्याला माजं नाव लावू नगं. कळलं का?"

"या खोक्यांतले अनारसे कुणी केले?" मी धाकट्याला विचारलं.

"टेंभुर्णीकडनं तयार माल घेऊन टेम्पो येतो." मग त्याचा आवाज उतरला. "पहिल्यांदा व्हिडिओ लावला ना, तेव्हा शटर ओढून आत बसलो होतो. लई रडलो, ताई." त्यानं रिमोट घेऊन तुझा आवाज बंद केला. "चित्र तेवढं राहू दे. तिला बघून गिऱ्हाईक थांबतं."

काढून टाक म्हणायचं होतं. पण लेक टीव्हीखाली उभी राहून तुझ्या मुक्या ओठांकडं बघत होती, आणि मी तिचा हात धरून पायरी उतरले.

रिक्षात तिनं विचारलं, "आजी खरंच तशी बोलायची?" मी म्हणाले, "न्हाय गं बाय. हितं बस, तितं बस, कुटं उंडारतीस, असं बोलायची." ती खिदळली. "परत बोल ना." घर येईपर्यंत मी तुझ्यासारखी बोलत राहिले. अकरा वर्षांत तिला तुझ्याविषयी मी इतकंही सांगितलं नव्हतं, हा त्या दिवसाचा दुसरा धक्का.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून वहीतच राहील. पण एक कबूल करते. धाकट्याकडून तो व्हिडिओ मी मागून घेतलाय. दुपारी घरात कुणी नसलं की आवाज बंद ठेवून बघते. त्यात तू हसतेस. दिवाळीच्या आठवड्यात तुला हसताना मी कधी पाहिलंच नव्हतं.