मीटर बघणारो

हडी, ता. मालवण

चि. सुहास,

बाबांचं तेरावं झाल्यावर दिवाळी अंकातली तुझी कथा वाचली. भांडून गेलेला मुलगा अकरा वर्षांनी अंगणात येऊन मुकाट उभा राहतो. आंधळा बाप नुसत्या पावलांवरून त्याला ओळखतो आणि काही न बोलता माफ करतो. परीक्षकांनी लिहिलंय, इथे अंधत्व हे अंतर्दृष्टीचं प्रतीक आहे.

आपले बाबा कसलं प्रतीक नव्हते रे. त्यांना दिसत नव्हतं. चहा कुठवर भरला ते कपात बोट घालून बघायचे आणि रोज बोट भाजून घ्यायचे.

गेल्या मे महिन्यात तू खळ्यात उभा होतास, तेव्हा मी खिडकीत होते. बाबा पडवीत गप्प बसले होते, ती माफी नव्हती. तू आलायस हे त्यांना कळलंच नव्हतं. तू गेलास, फाटक वाजलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "कोण इल्लो गो?"

मी म्हटलं, "कोण नाय, मीटर बघणारो."

असं का म्हटलं ते अजून मला सांगता येत नाही. अकरा वर्षं त्यांचं सगळं मी एकटीने केलं, म्हणून असेल.

हे पत्र मी टाकणार नाही. कथेत त्यांनी तुला ओळखलंय, तेवढं तुझ्याकडे राहू दे. फक्त कथेत नाही ते एक लिहून ठेवते. माझं ऐकून बाबा म्हणाले, "उनातसून इलो आसतलो. त्येका च्या तरी दी."

मी चहा टाकला. तोवर तू तिठ्यावर पोचला असशील.

तुझी,
ताई