पंखा बंद करून

शहादा,
रविवार, संध्याकाळ

प्रिय रिद्धी,

फोन सोडून पप्पांना पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली, म्हणून हसू नकोस. आई म्हणाली, तू पिस्तुलाची काडतुसं घरी भरणं सोडलंस, यंत्र विकायला काढलंस आणि पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेतूनही नाव काढून घेणार आहेस. खरं तर मी पेढे वाटायला हवेत. जैन सराफाची पोरगी अमेरिकेत नोकरी सांभाळून नेमबाजी करते, हे ऐकल्यावर दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. तुझ्या आईनेच समजूत घातली, "कागदालाच भोक पाडते ना? कागदाला कुठे जीव असतो!" तेव्हापासून ती तुझ्या बाजूने, आणि मी मुकाट्याने तिच्या.

गेल्या आठवड्यात मी हट्टच धरला, म्हणून तू तुझ्या वहीचे फोटो पाठवलेस. वाचताना मी गल्ल्यावर बसून एकटाच हसत होतो. छापील पुस्तकातल्या बंदुकीच्या दारूच्या सगळ्यात कमी मापापासून सुरुवात, आधी दहाच काडतुसं, ती नेमबाजीच्या मैदानावर झाडून रिकामी टरफलं तपासायची, मगच केसभर वाढ, आणि पुस्तकातल्या शेवटच्या मापापुढे कधीच नाही. टेबलावर दारूची एकच बरणी. आणि तोलताना एसी बंद! अगं, हे तर आपलं दुकान. सोनं तोलताना पंखा बंद करायचं काम तुझंच होतं. मे महिन्यात गिऱ्हाईक घामाने निथळायचं आणि तू बटणापाशी ठाण मांडून उभी. कळसाडीच्या कौसाबाई आठवतात? तोलता तोलता मी उसाच्या गप्पा मारायला लागलो, तर माझ्या श्वासाने काटा हलताना बघून त्यांनी मलाच दटावलं होतं, "शेठ, बोलू नका, काटा हाली ऱ्हायना." तेव्हापासून मी तोलताना तोंड उघडत नाही. परवा त्या नातीच्या पैंजणांसाठी आल्या होत्या. "पोर कशी शे?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, मजेत.

मजेत म्हटलं खरं, पण तुझ्या वहीतला मैदानावरचा तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. नेहमीचा आवाज न येता नुसतं 'फुस' झालं, आणि तू पुढची गोळी झाडली नाहीस. पिस्तूल निशाण्याकडेच रोखून थांबलीस आणि मैदानावरच्या साहेबांना बोलावलंस. काडतुसात दारूच नव्हती, गोळी नळीत अडकली होती. दुसरी झाडली असतीस तर नळी फुटून हात गेला असता. त्या खेपेची उरलेली सगळी काडतुसं तू एकेक करून उलगडलीस आणि वहीत लिहिलंस, 'चूक माझी. माझा हात भरवशाचा नाही.' त्या एवढ्या वाक्यापायी तू सगळं सोडायला निघालीस.

पण बेटा, मी सराफ आहे, मागचं पानही वाचतो. 'बत्तीस टरफलं भरून झाली. पप्पांचा फोन, पंचवीस मिनिटं.' आणि पुढची नोंद थेट चौतिसाव्या टरफलाची. सूर्यास्ताआधी जेवण उरकलं की मी मोकळा, आणि दर रविवारी सातला, तुझ्याकडे सकाळ असताना, तुला फोन करायचा हा माझा नेम. त्या दिवशी मी तुझ्या चुलतभावाच्या, पारसच्या साखरपुड्याचा अख्खा मेनू ऐकवला. तू हातात माप धरून "हो पप्पा, हो पप्पा" करत असणार, आणि तेहतिसावं टरफल कोरडं राहिलं. हे तू मला सांगितलं नाहीस, आईलाही नाही. गिऱ्हाइकांना गप्प बसवणारा मी, पोरीच्या तोलण्यात सातासमुद्रापलीकडून बोलत बसलो. तुझी चूक फोन उचलण्यापुरतीच, बाकीची माझी. माझ्या चुकीसाठी तू यंत्र विकू नकोस. स्पर्धेतलं नाव राहू दे. पुन्हा खालच्या मापापासून, दहाच भर, आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक टरफलात टॉर्च मारून बघ. तेवढं वहीत दिसलं नाही. आता सात वाजून गेलेत. फोन समोर आहे, हात शिवशिवतोय. पण कोण जाणे, तुझ्या टेबलावर आज बरणी असेलही. म्हणून हे पत्र, तुझ्या वहीसारखाच फोटो काढून पाठवतोय. बरणी कपाटात गेली की तूच फोन कर, मी वाट बघतो.

तुझेच,
तोलताना बोललेले
पप्पा