चौथ्यासाठी शेगडी

कॉव्हेंट्री
सोमवार, ३ सप्टेंबर २००७

तीर्थस्वरूप नंदामावशी,

इथल्या कार्पेटवर रीतसर आडवा होऊन तुला साष्टांग नमस्कार घातला आहे (कोपर खरचटलं नाही, एवढीच काय ती इंग्लंडची सोय). तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधतेस, की तो अजून पोळ्यांच्या डब्याखाली घडी घालून ठेवला आहेस? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. सुखरूप हा शब्द आजवर मी प्रत्येक पत्रात सवयीने लिहीत आलो. या वेळी विचार करून लिहिला आहे.

तुझं जुलैचं पत्र मिळालं. नीनाला दिवस गेल्याची बातमी आम्ही कळवायच्या आत तिच्या आईने तुला फोनवर सांगून टाकली, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही, की आशीर्वाद तू दीड ओळीत उरकलेस आणि उरलेली दोन पानं त्या दगडावर खर्च केलीस. जानेवारीत तुम्ही चौघं व्हाल, तेव्हा चौथा म्हणून दिलेल्या दगडाचं आता घरात काम नाही, बाळ यायच्या आत त्याला वाहत्या पाण्यात सोडा, चिमूटभर तांदूळ घाला, मागे वळून पाहू नका. आणि शेवटी, एका जागेवर दोघं बसत नाहीत. हे शेवटचं वाक्य नीनाने तीनदा वाचलं आणि पत्र मॅग्नेटने फ्रिजवर लावलं. तेव्हापासून मी दूध काढायला गेलो की तू समोर उभी.

खरं तर चूक तुझीच आहे. सहा वर्षांपूर्वी आम्ही सांगलीहून निघालो, टॅक्सी सुरू झाली, आणि तुझ्या लक्षात आलं की मी, नीना आणि तीन वर्षांची तनू असे तिघंच निघालोय. तिघांनी मिळून कधी निघू नये. तू दारातल्या नळाखालचा एक काळा दगड उचललास, पदराने पुसलास आणि हा चौथा म्हणून माझ्या खिशात कोंबलास. (हीथ्रोवर अधिकाऱ्याने हे काय म्हणून विचारलं, तर माझ्या तोंडून निघालं, फॅमिली.) मुक्कामाला पोचलं की तो टाकून द्यायचा असतो, हे तू सांगायला विसरलीस आणि मी विचारायला. तो स्वयंपाकघराच्या खिडकीत जाऊन बसला. तळहाताएवढा, मधोमध पांढरी रेघ, आणि एका टोकाचा टवका उडालेला, कारण तनूने त्या दगडाने अक्रोड फोडले. तनू त्याला चौथा म्हणते. शाळेत कुटुंबाचं चित्र काढायला सांगितलं की चार माणसं काढते. एकदा तिच्या बाईंनी मला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं होतं.

दोन वर्षांपूर्वी नीनाचं तिसऱ्या महिन्यात काय झालं ते तुला ठाऊक आहे. तेव्हा ती कुणासमोर रडली नाही. पण आमचं सिंक त्या खिडकीखालीच आहे, आणि भांडी विसळताना ती नळ चालू ठेवून त्या दगडाकडे बघत राहायची. तुझं पत्र मी हसण्यावारी नेणार होतो. ती हसली नाही, तेव्हा मला भीती वाटली. म्हणून ठरवलं, सोडू या दगड.

आता वाहतं पाणी आणायचं कुठून? कॉव्हेंट्रीला नदी आहे, पण शहराने ती रस्त्यांखाली गाडून टाकली आहे. कालवा आहे, तो वाहत नाही, त्यात बदकं आणि शॉपिंग ट्रॉल्या असतात. शेवटी ऑगस्टच्या बँक हॉलिडेला, म्हणजे सोमवारच्या सुट्टीला जोडून, वेल्सच्या डोंगरात जायचं ठरलं. तिथल्या नदीच्या नावात स्वर असा नाहीच, त्यामुळे ते मला उच्चारता येत नाही, पण ती वाहते. मुक्काम तंबूत. तंबू आला म्हणजे खाणं आलं, आणि नीनाला डोहाळे लागले होते निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याच्या भरताचे. थोडक्यात, एक दगड सोडण्यासाठी मला शेगडी घ्यायची होती. इथे तिला बार्बेक्यू म्हणतात, पण घरात आम्ही शेगडीच म्हणायचो, आणि पुढे जे झालं ते त्या सवयीमुळे झालं, असं माझं मत आहे.

मावशी, शेगडी निवडणं हे वधूसंशोधनापेक्षा कठीण काम आहे. मी महिनाभर इंटरनेटवर वाचत होतो, कागदावर रकाने आखले होते, वजन, उंची, पाय घडी होतात की नाही. ऑफिसातल्या यतीनला विचारलं. (हा लंडनजवळच्या पिनरला जन्मला, मराठी बोलतो, पण शब्द संपले की न लाजता इंग्रजीवर जातो.) तो क्रिकेटची मॅच बघायला गेला की कार पार्कात डिकी उघडून तिथेच कबाब भाजतो. त्याची शेगडी गॅसची, ब्रीफकेसएवढी. "रघु, गॅस घे, आय अ‍ॅम टेलिंग यू. चारकोल इज अ फॅफ, आणि विझला वाटला तरी विझलेला नसतो." (फॅफ म्हणजे नसती कटकट.) हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं. त्याने स्वतःची द्यायचीही तयारी दाखवली, पण तिच्यावर आजवर काय काय भाजलं गेलं याची यादी त्यानेच नीनाला कौतुकाने ऐकवली आणि तो मार्ग बंद झाला. गॅसवर भरताला चव येत नाही, म्हणून कोळशाचीच घ्यायची ठरलं.

दुकानात शेगड्यांच्या खोक्यांवर छोटी माणसं छापलेली होती. दोघांची शेगडी, चौघांची शेगडी. तिघांची नव्हतीच (साहेबाच्या घरीही कुणी नंदामावशी असावी). दुकानातल्या पोराने किती जणांसाठी म्हणून विचारलं. मी तीन म्हणालो. त्याने आमच्याकडे पाहिलं, मग तनूच्या डाव्या बाजूला जरा खाली पाहिलं, आणि निमूटपणे चौघांची उतरवली. विक्रेत्यांना मोठी वस्तू गळ्यात मारायची सवयच असते, असं म्हणून मी सोडून दिलं. खोक्यावर अकरा भाषांमध्ये, तंबूत वापरू नये, असं लिहिलं होतं. मराठीत नव्हतं.

शनिवारी दुपारी पोचलो. कॅम्पसाइटवाल्या म्हाताऱ्याने गाडीत डोकावून तंबूला बांधायचं कार्ड लिहून दिलं, दोन मोठे, दोन लहान. मी म्हटलं, लहान एकच. तो सॉरी म्हणाला, पुन्हा मागच्या सीटकडे बघितलं, आणि कार्ड काही बदललं नाही. संध्याकाळी कणसं भाजली. तीन वाढायची नाहीत म्हणून चार. आम्ही एकेक खाल्लं, चौथं मी कडेला ठेवून हात धुवायला गेलो. परत येतो तर चौथ्याचा नुसता बुरकुंडा, आमच्या तिघांच्या शेजारी नीट ओळीत ठेवलेला. नीनाला वाटलं मी खाल्लं. मला वाटलं तिने. तनू कंटाळून म्हणाली, "बाबा, तो त्याची होती ना. तू का शोधते?" मी कोल्ह्यावर ढकललं. कोल्हा बुरकुंडे ओळीत लावत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

दगड नीनाने आपल्या पर्समध्ये ठेवला होता, म्हणजे तनूला सापडायला नको. सोमवारी सकाळी निघताना तो नदीत सोडायचा आणि तसंच गाडीत बसायचं, असं ठरलं होतं. रविवारी सकाळी नीना तांदूळ धुवायला म्हणून गेली ती बऱ्याच वेळाने आली, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. मी शेगडीशी झटत होतो, त्यामुळे काही विचारलं नाही. दुपारी भरीत झालं. मावशी, काय भरीत झालं होतं! नीनाने दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर खाल्लं. आणि मग पाऊस आला, डोंगरातला, आडवा, बर्फासारखा गार. नीना कुडकुडायला लागली.

आता माझा मूर्खपणा सांगतो. शेगडीवरचे निखारे राखेने झाकले होते, धूर नाही, वास नाही. महिनाभर शेगडी शेगडी म्हणून माझ्या डोक्यात ती तुझ्या शेगडीशेजारी जाऊन बसली होती, जिच्यावर तू तान्ह्या तनूची लंगोटं शेकलीस, जी बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवलीस. मी ती उचलली आणि तंबूत आमच्या पायाशी ठेवली. चेन वरपासून खालपर्यंत लावून घेतली. तुझ्या घराला कौलं होती, फटी होत्या. माझ्या तंबूत वाऱ्याची झुळूकही शिरणार नाही, असं त्याच्या खोक्यावर ठळक छापलं होतं. छान ऊब आली. नीना हसली आणि म्हणाली, आता कसं घरासारखं वाटतंय. मग तनूला मध्ये घेऊन आम्ही वामकुक्षीला आडवे झालो.

निखाऱ्यातून जो वायू निघतो तो दिसत नाही, माणसाला फक्त गाढ झोप लागते. मला एवढंच आठवतं, की मधे कधीतरी डोळे किलकिले झाले, नीनाला हाक मारावीशी वाटली आणि जीभ हलली नाही. हातही हलला नाही. आणि मी चेन ऐकली. खालून वर, एकेक दाता, थांबत थांबत, लहान मूल उघडतं तशी. जमिनीपासून तीनेक फुटांवर ती थांबली, त्याच्या वर हात पोचत नसल्यासारखी. मग तोंडावर पाऊस आला.

शेजारच्या कॅरव्हॅनमधल्या मॉरीनबाई धावत आल्या, आम्हाला एकेक करून बाहेर ओढलं, शेगडी लाथेने उडवली. अ‍ॅम्ब्युलन्स, ऑक्सिजन, रक्ताच्या तपासण्या, सगळं झालं. डॉक्टर म्हणाली, आणखी पंधरा मिनिटं, आणि तिची नजर नीनाच्या पोटाकडे गेली. मग यंत्र लावून बाळाचे ठोके ऐकवले. धडधडत होते. मी तिथे, परक्या बायकांसमोर, हुंदके देऊन रडलो, मावशी. माझ्या हाताने मी माझं अख्खं घर विझवत होतो.

सोमवारी सामान आवरताना मॉरीनबाईंचे आभार मानायला गेलो. त्या म्हणाल्या, आभार माझे कशाला, तुमच्या धाकट्याचे माना. तो दार वाजवत होता, बाही धरून ओढत होता, बोलत काही नव्हता. त्या पोचल्या तेव्हा चेन आधीच त्यांच्या कमरेपर्यंत उघडलेली होती. तो बरा आहे ना, त्यांनी विचारलं. नखशिखांत भिजला होता, अंगात कोटसुद्धा नव्हता. मी म्हटलं, गाडीत बसलाय. दुसरं काय सांगणार? निघताना त्यांच्या पायरीवर लक्ष गेलं. काळा दगड, मधोमध पांढरी रेघ, एका टोकाचा टवका उडालेला. तनूने पर्समधून काढला असेल म्हणून तिला दरडावून विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली, आणि तनू खोटं बोलत नाही, तेवढं मराठी तिला येत नाही.

तो मी खिशात घातला आणि नदीकडे गेलोच नाही. आता पुन्हा खिडकीत आहे. नीना रोज सकाळी उठून आधी त्याला पुसते, माझ्याशी त्याबद्दल अक्षर बोलत नाही, आणि तुझं पत्र अजून फ्रिजवर आहे. मला तिची भीती कळते. पण ज्याने आम्हाला दाराबाहेर काढलं त्याला पाण्यात कसं ढकलू?

यतीनला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मेट, आय सेड गॅस."

तुझ्या गुडघ्याला जप. वाडीच्या दत्ताला गेलीस तर आमच्या वतीने एक नारळ जास्त फोड.

तुझा,
रघुवीर

ता. क. शेगडी विकायला काढली आहे. खोक्यावरच्या सूचनेखाली बाराव्या भाषेत, म्हणजे मराठीत, मी हाताने लिहून टाकलं आहे.

ता. क. २. हे एवढं लांबण लावलं ते एका ओळीसाठी. तुझा नियम तिघांविरुद्ध आहे, पाचांविरुद्ध नाही. पंचामृत, पंचारती, पंच परमेश्वर, पाच कुठे कुणाला नडलेत? नीना माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल. तू एवढंच लिही, की पाच झाले तरी चालतं, एका जागेवर नाही तर शेजारी बसू दे. मी ती ओळ फ्रिजवर लावीन.

ता. क. ३. मावशी, नमस्कार. मी नीना. पाकीट चिकटवायला त्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून लिहिते. त्यांना हे कळवू नका. मी सोमवारची वाट पाहिली नव्हती. रविवारी सकाळीच मी दगड नदीत सोडून आले होते. हात कोपरापर्यंत पाण्यात घालून सोडला, तांदूळ घातले, मागे वळून पाहिलं नाही. सगळं तुम्ही सांगितलंत तसंच केलं. त्या दुपारी तंबूत आम्ही तिघंच होतो. आता आठवडा झाला, रोज पुसते, पण तो वाळत नाही, म्हणून खाली बशी ठेवली आहे. यांनी मागितलेली ओळ लवकर पाठवा. बाळासाठी टोपडं विणायला घेतलं आहे. दोन विणतेय.