शालनअक्काचे टोमॅटो

४ नोव्हें.
शालनअक्का बहिणीच्या दुखण्याला धारवाडला गेल्या. जाताना गच्चीची किल्ली माझ्या हातात. "मंदा, शेंडे मोडू नकोस हं. बगलेतले फुटवे तेवढे काढ. काठीला सैल बांध, खोड कापतं." मला शिकवतायत! माझ्या नेहाला लहानपणी फिट्स यायच्या, हे मुलाकडच्यांना सांगताना यांची जीभ नाही अडखळली. ठरलेलं लग्न मोडलं. वर म्हणे, लपवण्यासारखं काय त्यात. सख्खी जाऊ.
मी मान डोलावून म्हटलं, "सरी अक्का."

६ नोव्हें.
कात्री घेऊन वर गेले. त्यांच्या सगळ्यात उंच झाडाचा शेंडा उडवला. कच्चकन. बरं वाटलं. फार बरं वाटलं.
बोटं हिरवी-काळी झालेली, साबणानं जाईनात. जेवताना नेहा बघत होती.

११ नोव्हें.
माझ्या कुंड्यांतले फुटवे साफ. त्यांचे मुद्दाम ठेवले. माजू देत. नुसता पाला. त्यांच्या काठ्याही रोवल्या नाहीत. लोळा.

१४ नोव्हें.
रात्री पाऊस, वारा. त्यांची झाडं आडवी. बघायलाच वर गेले, तर प्रसाद तिथे. अक्कांचा मुलगा, घरातली दुसरी किल्ली घेऊन आलेला. कामाचा दिवस, भर अकरा वाजता गच्चीत बसून जुन्या ओढणीच्या पट्ट्यांनी झाडं काठीला बांधत होता.
"ऑफिस नाही रे?"
हातातली गाठ आवळली त्यानं. मग म्हणाला, "काकू, नोकरी गेली. रोज बॅग घेऊन नुसता बाहेर पडतो. इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत बसनं जाऊन परत येतो. आईला सांगू नका. मुलगी बघणं चाललंय ना, ती खचेल."
माझीही झाडं बांधून दिली त्यानं. न सांगता.
आयतं हातात आलं. देवच देतो कधी कधी.

१९ नोव्हें.
नेहाला प्रसादचं सांगितलं. "आई, त्याला यात ओढू नकोस."
"तुला ओढलं तेव्हा?"
उठून गेली. ताट तसंच.

२४ नोव्हें.
अक्का परतल्या. पिशवी ठेवून आधी गच्ची. मोडक्या शेंड्यावरून अंगठा फिरवला. काप सरळ आहे, वाऱ्याचा नाही, हे आंधळ्यालाही कळेल. मी तयारीत उभी. भांडा ना एकदा. सगळं बाहेर काढते.
कापाखालचा फुटवा चांगला वर आलाय. तो काठीला बांधत म्हणाल्या, "याचाच शेंडा करू." बस्स. मग, "रविवारी प्रसादला बघायला मुलीकडचे येणारेत. मंदा, तू असशील ना गं?"
असणार. मी असणारच.

३० नोव्हें.
आले. मुलगी छान आहे, हसरी. चहा झाला. प्रसाद घामेजलेला, पगाराचं विचारलं की अक्काच उत्तर देतात, अभिमानानं. त्यांना खरंच माहीत नाही.
मुलीच्या आईला गच्ची बघायची होती. अक्का म्हणाल्या, "मंदा, तू दाखव." वर आम्ही दोघीच. त्यांनी एक पिकलेला टोमॅटो हातात धरला, तोडला नाही. मग हळूच, "तुम्ही घरच्याच. मुलगा कसा आहे हो? नोकरीबिकरी, सगळं... आमची एकुलती एक आहे."
तोंड उघडलं होतं मी. खाली प्रसाद कशाला तरी मोठ्यानं हसला.
म्हटलं, "बसा, कॉफी आणते."
ओट्याशी उभी राहून लिहितेय. दूध वर आलंय. नेहा दारात येऊन म्हणाली, "आई, त्या वर वाट बघतायत."
दोन पेले भरले. जाते.