तांबडी लव

चेनिंगान बेट,
१ ऑक्टोबर १९९८

लाडक्या रसिनीस,

दादाचे भरभरून आशीर्वाद. तुझ्या नवऱ्याला नमस्कार आणि पोरांच्या पाठीवरून हात. सुलावेसीत पाऊसपाणी बरं असेल, तुमच्या कोकोला शेंगा धरल्या असतील.

इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण जीभ अजून धडधाकट आहे. आई बरी आहे. मक्याची पेज घेते.

यंदा वारा पडला, खाडीचं पाणी कोमट झालं आणि आपण दोऱ्यांवर लावतो त्या शेवाळाला पुन्हा तांबडी लव आली. आधी मोहरीएवढे काळे टिपके, मग त्यांतून बारीक तांबडे केस. हात फिरवला तर पिसं उपटलेल्या कोंबडीच्या कातडीसारखं लागतं. समुद्रातलं बांडगूळच ते. राहायचं दुसऱ्याच्या अंगावर आणि घरधन्यालाच नासवायचं.

ती पहिल्यांदा आली ते साल आठवतं का गं? तुझं लग्न व्हायचं होतं. शेवाळाची शेती आपल्या सगळ्यांनाच नवी. आई म्हणाली, "अगंबाई, फुलोरा आला!" अख्खी वाडी फुलांच्या दुरड्या आणि उदबत्त्या घेऊन ओहोटीच्या पाण्यात उतरली. रोगाची पूजा करणारे आपणच! आठवड्यात शेवाळ सडून दोरीवरून गळालं तेव्हा डोळे उघडले. सगळे तोंड पाडून बसलेले, आणि तू त्या लवेचा झुपका नाकाखाली चिकटवून वाडीच्या मुखियाचा आवाज काढलास, "खबरदार! माझ्या मिशीची पूजा थांबवाल तर!" मुखिया मागेच उभा होता. आई हसता हसता टोपलीसकट पाण्यात बसली. आता ते सगळं आठवतं, आणि हातातलं काम तसंच राहतं.

तर, पौर्णिमेला समुद्राचा मौनदिवस, त्या दिवशी पाण्यात कुणी पाय घालायचा नाही. वाडीच्या सभेत ठरलं की त्याआधी लव लागलेली एकूण एक दोरी बाहेर काढायची. मग शेजारच्या बेटावरून स्वच्छ बेणं आणायचं. मी माझ्या दोऱ्या काढल्या. तुझी मात्र राहू दिली.

लग्नानंतर सुलावेसीला जायला होडीत चढताना तू म्हणाली होतीस, "दादा, माझी एक दोरी ठेव. तिच्या पिकाला मी येईन." तेव्हापासून दर पिकाला तिच्याच फुटव्यांतून ती पुन्हा लावतोय. बाकीच्या दोऱ्यांवर शेवाळ बांधायला प्लास्टिकची सुतळी, पण तुझ्या दोरीसाठी आई आपल्या जुन्या नेसूच्या चिंध्या फाडून देते. म्हणते, "पोरीच्या शेवाळाला काचायला नको."

परवा मुखियाचा मुलगा बांधावर येऊन म्हणाला, "रेदानाकाका, एका दोरीपायी सगळ्यांचं पीक पुन्हा नासवणार का?" त्याचं काय चुकलं? काढली. गुपचूप माझ्या ढिगात मिसळून अंगणात टाकली. आईला कळू द्यायचं नव्हतं.

आई पडवीतल्या बाजेवर होती. हल्ली ती तिथेच असते, रसिनी. उठत नाही. तिला दिसतही नाही फारसं. पण ढीग आलेला कळला तशी म्हणाली, "आण इकडे, हात रिकामे आहेत माझे." शेवाळ सोडवता सोडवता तिची बोटं थांबली.

"ही चिंधी माझ्या नेसूची."

"नाही गं, माझीच दोरी आहे ती."

"गाढवा, तुझी लंगोटीसुद्धा मी बोटांनी ओळखायची. मला फसवतोस?"

तुझी वहिनी चुलीपाशी डोळे पुसायला लागली, तर आई तिच्यावरच खेकसली, "धूर झाला असेल तर लाकूड ओढ बाहेर!" मग तिने सगळ्या चिंध्या एकेक करून सोडल्या आणि मांडीवर ठेवल्या.

मी म्हटलं, "आई, नवं बेणं आलं की पुन्हा लावतो ना तिची दोरी."

"नको लावू," ती म्हणाली. "पिकाला येईन म्हणाली होती. पीक काही तिला आणेना. तिला लिही, दोरी गेली, आता पिकासाठी यायचं कारण नाही. माझ्यासाठी ये म्हणावं."

वर लिहिलं, ती पेज घेते. दोन चमचे घेते, तेही तुझ्या वहिनीने दटावल्यावर. काल तेही नाही. बरी आहे असं लिहिलं, कारण दुसरं काही लिहायला हात धजेना.

मौनदिवसानंतर होड्या पुन्हा सुरू होतील. मी रोज धक्क्यावर असेन. पिकाचं, कामाचं, पोरांच्या शाळेचं काही बघू नकोस. तिने सांगितलं ते मी लिहिलं. माझंही एवढंच म्हणणं आहे.

ये, बाळे. लवकर ये.

तुझी वाट बघणारा,
रेदानादादा