रुळाच्या अलीकडची वस्ती

४ नोव्हेंबर

सकाळपासून वारं थर्मल वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्याकडून. दोरीवरचं धुणं परत धुतलं, परत राख बसली, मग तसंच झटकून घडी घातली. सासरे, म्हणजे मामा, मेंढरांच्या वाड्यात कोकरांचे डोळे ओल्या फडक्यानं पुसत बसलेले. हे राखेचा हायवा ट्रक घेऊन निघताना मामांना म्हणाले, "आबा, इका आता मेंढरं. हितं चराय काय ऱ्हायलंय?" मामांनी वर बघितलंच न्हाई. बाप-लेकाचं हे रोजचंच. मी दोघांच्या मधी चहा ठेवते.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प द्यायचाय. 'आपल्या गावाचा भूगोल व लोकसंख्या.' लग्न होऊन परळीत आले तेव्हापासून हेच बघतेय, तरी लिहायला बसलं की काय लिहावं सुचत न्हाई. बालाघाटाच्या पायथ्याचं गाव. डोंगराच्या अंगाला वैजनाथ, खाली मोंढा, मोंढ्याच्या खाली स्टेशन. स्टेशनातून एक लाईन गंगाखेडकडं, एक घाटनांदूरकडं, आणि बीडकडून एक यायलीय, यायलीय, किती वर्षं. रुळाच्या पलीकडं गाव. अलीकडं आमी.

९ नोव्हेंबर

लोकसंख्या. आकडा पुस्तकात मिळंल. पण कोण कुठं राहतं ते?

देवळाच्या भोवती जुनी घरं, पुजारी, फुलवाले. मोंढ्यात आडते. थर्मलच्या कॉलनीत नागपूर-चंद्रपूरकडचे साहेब होते, आता निम्म्या क्वार्टरना कुलपं, गॅलरीत बाभळी उगवल्यात. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये तेलुगू माणसं. वीटभट्ट्यांवर कुठून कुठून आलेली, पावसाळ्यात जाणारी. रूळ आणि राखेच्या तळ्याच्या मधल्या पट्ट्यात धनगरांची आमची वस्ती. आधी बरीच घरं होती. धोंडीबा काकाचं घर पुण्याला गेलं, साळूबाईचं लेकाकडं. आता धूर निघतो अशी थोडीच.

सरांना फोनवर विचारलं, आमची वस्ती कुठल्या वॉर्डात दाखवू? ते म्हणाले, नगरपालिकेत विचार. तिथं म्हणाले, ग्रामपंचायतीत असंल. ग्रामपंचायतीत म्हणाले, तुमी तर परळीचे.

१२ नोव्हेंबर

मोरी तुंबली. रुळाखालची ती मोरी म्हणजे मेंढरांची वाट. मामांच्या बापापासूनची. आता शेजारी नवीन लाईनीचा भराव पडला, त्यानं पाणी जायची जागाच बुजवली. कमरेएवढं काळं पाणी. मेंढरू पाण्यात उतरत न्हाई, मेलं तरी.

मामा ठेकेदाराच्या माणसाकडं गेलते. मी संगं.
"सायेब, मेंढरं पलीकडं कुटून न्यायची?"
"मोरीतून न्या की."
"मोरीत पानी हाय."
"मग फाटकावरून जा."
"फाटक लई लांब. अन् रस्त्यानं हायवा सुटलेले असत्यात."
"मग मी काय करू, आजोबा?"

तो वाईट माणूस न्हवता. त्यानं आमाला पाणी पण दिलं प्यायला. परत येताना मामा म्हणाले, "त्याला बी ठावं न्हाई. कुनालाच ठावं न्हाई."

१७ नोव्हेंबर

अक्काच्या ओट्यावर अभ्यास. लक्ष्मी अक्का, गँगमन रावांची बायको, क्वार्टरमध्ये राहते. तिच्याकडं पंखा, पाणी आणि शांतता. तिची मराठी अर्धी तेलुगू, अर्धी हिंदी, पण शिव्या अगदी परळीच्या. मेंढीचं दूध नेलं की इडली देते.

राव रोज रूळ तपासत चालतात, हातात हातोडा. म्हणाले, "बोल तुम्हारे ससुर को, ऊपर से मत जाओ. कोयले का गाडी का टाइम नहीं रहता."

सांगितलं. मामा म्हणाले, "मला ऐकू येतं."
येत न्हाई. निदान डाव्या कानानं न्हाई.

२१ नोव्हेंबर

बऱ्याच दिवसांनी मामा हसले. सिरसाळ्याच्या अलीकडचे एक पाटील आलते. कापूस निघालाय, रानात मेंढरं बसवायचीत, खतासाठी. धान्य देतो, ज्वारीचा कडबा चाराय देतो म्हणाले. महिनाभराची सोय. मामांनी लगेच घोंगडं झटकलं, काठीला तेल लावलं. हे पण गप्प राहिले, 'इका' म्हणाले न्हाईत. कालवण जास्त झालं आज, सगळ्यांनी पोटभर खाल्लं.

फक्त रुळाच्या पलीकडं जायचं कसं, त्याच्यावर कुणी बोललं न्हाई.

२४ नोव्हेंबर

मालगाडी. सकाळी. धुकं, वर राख. मी भांडी घासत होते, हॉर्न ऐकला, लांबलचक, थांबेचना. मग टिप्या कुत्रं भुंकायचं बंद झालं.

आज न्हाई लिहिणार.

२६ नोव्हेंबर

लिहून टाकते, न्हाईतर डोक्यात फिरतच राहील.

मामांनी मला उठवलं न्हाई. एकटेच निघाले, भरावावर चढवून, वरून. म्होरकी मेंढी पलीकडं उतरली होती. बाकीची तिच्या मागं. मेंढरं तशीच असतात, एक गेली की सगळी. गाडी दिसली तेव्हा मामा मधी होते, हात वर करून गाडीला थांब म्हणत होते. रावांनी धावत येऊन त्यांना खाली ढकललं. दोघं उतारावरून खडीत पडले. मामांचा खांदा सोलला, रावांच्या हाताला टाके.

मी गेले तेव्हा गाडी पुढं जाऊन थांबलेली. रुळावर काय होतं ते लिहिणार न्हाई. मोजायला कुणाला जमेना. थोडी पलीकडं उतरली होती, थोडी अलीकडंच अडलेली, तेवढी राहिली. टिप्या पण गेलं.

गावातून माणसं आली. आधी बघायला. मग पिशव्या घेऊन.

आणि रेल्वे पोलीस आले. साहेबानं विचारलं, "जनावरं कुणाची? मालक कोण?" रुळावर जनावरं घालणं गुन्हा आहे, असं तो तिथल्या तिथं वाचून दाखवल्यासारखं बोलला. हे नुकतेच धावत आलेले, अंगावर राख. मामा खडीत बसलेले, ह्यांच्यापासून दोन हातांवर.

हे म्हणाले, "आमची न्हाईत, सायेब."
"मग ह्यो म्हातारा?"
"बघायला आला आसंल."

रावांकडं बघितलं साहेबानं. राव म्हणाले, "मालूम नहीं साब."

मामांनी ह्यांच्याकडं बघितलं. मी ते बघितलं.

२८ नोव्हेंबर

मामा ह्यांच्याशी बोलत न्हाईत. भाकरी मी वाढली तर खातात, ह्यांनी ताट सरकवलं तर उठून जातात.

हे पाण्याच्या टाकीमागं रडत होते. मी गेले तर तोंड धुतलं. म्हणाले, "खरं बोललो असतो तर आत टाकलं असतं गं. ह्या वयात. चुकलं का माजं?"
मी म्हटलं, न्हाई.
"मग सांग की आबाला."
सांगितलं. मामा म्हणाले, "ऐकू येत न्हाई मला."

३ डिसेंबर

उरलेली मेंढरं वाड्यात ओरडतात. मामा काठीला हात लावत न्हाईत, खांदा दुखतो म्हणतात. मग मीच नेली. रुळाच्या कडेकडेनं, अलीकडंच. गवत वरून हिरवं, हात लावला की पंजा पांढरा. मेंढरं खाऊन शिंकतात. कॉलेजातली एक मैत्रीण स्कूटीवरून चालली होती, थांबली. "अगं रेणुका, तू? बी.ए. करून मेंढरं?" हसली, मग तिलाच कसंतरी वाटलं. म्हणाली, छान दिसतात. मी म्हटलं, हो.

उंचावरून गाव सगळं दिसतं. थर्मलच्या चिमण्या, देवळाचा डोंगर, स्टेशन, कुलूप लागलेली कॉलनी. प्रकल्पाला नकाशा काढायला चांगली जागा. वही काढली, पण मेंढरं रुळाकडं वळायला लागली, तर ठेवून दिली.

१० डिसेंबर

रावांची बदली. काझीपेटकडं कुठंतरी. अक्का म्हणते, 'बरं झालं, मुलांचं खोकणं तरी थांबेल.' म्हणते आणि रडते. रुळावरच्या त्या दिवसामुळं झाली का, विचारलं. राव हसले. "नहीं बेटी, रेलवे है. कोई भी कभी भी."

मामा उठून रावांना भेटायला गेले. कितीतरी दिवसांनी वस्तीबाहेर. रावांच्या टाक्यांवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. राव पण. दोघांना एकमेकांची भाषा नीट येत न्हाई, त्यामुळं सोपं गेलं असंल.

१५ डिसेंबर

अक्का गेली. टेम्पोत कॉट, कपाट, तुळशीचं डबडं. पंखा मला देऊ करत होती. आमच्याकडं वीज असते-नसते, घेतला न्हाई. टेम्पो वळेपर्यंत हात हलवत होती. आता ओटा मोकळा. गेले तर बसता येईल, पण ओट्याकडं पाय वळत न्हाईत.

१९ डिसेंबर

हायवाचं काम बंद. राखेच्या गाड्यांवरून मालकांमधी भांडणं लागलीत, ड्रायव्हर घरी. हे दिवसभर मोबाईल बघतात. धोंडीबा काकाच्या पोराचा फोन आलता चाकणहून. कंपनीत लोडिंगला माणसं पाहिजेत.

संध्याकाळी हे मामांसमोर जाऊन बसले. "आबा, मी जातो म्हणतोय. तुमी बी चला. सगळेच जाऊ."
मामा घोंगड्याचे सुटलेले दोरे ओढत बसले.
"बोला की कायतरी. शिव्या द्या."
मामा मला म्हणाले, "रेणुका, ह्याला इचार, मेंढरं कुनाला द्यायची."

म्हणजे विकायला तयार. हे इतके दिवस हेच मागत होते. मिळालं तर ह्यांचं तोंड बघवेना.

२३ डिसेंबर

सिरसाळ्याचा व्यापारी आला. दात बघितले, पाठ दाबली, राखेची मेंढरं म्हणून भाव पाडला. हे भांडायला लागले तर मामांनी हातानंच 'ने' म्हणून खूण केली. म्होरकी चढंना गाडीत. मामांनी कानाजवळ तोंड नेऊन जिभेनं आवाज काढला, ती चढली. मग बाकीची चढली.

वाडा रिकामा. लेंड्या झाडून काढाव्या का न्हाई, समजत न्हाई.

२९ डिसेंबर

हे गेले. स्टेशनवर सोडायला मी एकटी. फलाटावर आमच्यासारखीच पोरं, पाठीला बॅगा, आया लांब उभ्या. परळीतून सगळ्यात जास्त काय बाहेर जातं, हे प्रकल्पात विचारलंय. राख आणि विटा लिहिलंय मी.

गाडी हलल्यावर हे दारातून म्हणाले, "आबाला बघ." आधी कधी असं सांगितलं न्हवतं. गरजच न्हवती.

४ जानेवारी

प्रकल्प दिला. अंबाजोगाईला कॉलेजात जाऊन. सरांनी चाळला, म्हणाले अक्षर चांगलं आहे. वस्तीचं पान बघून म्हणाले, "हे परिशिष्टात टाकायचं ना."

११ जानेवारी

मामा बरे न्हाईत असं न्हाई. जेवतात, झोपतात. दवाखान्यात नेलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या वय झालंय, छाती थोडी भरलीय, इथं सगळ्यांचीच असते. सकाळी उठून वाड्याशी उभे राहतात, मग कुठं जायचं ते न सुचल्यासारखे परत येतात. काल म्हटलं, एखादी शेळी घेऊ का दुधाला? "कशाला. परत तिला बी कुनी आमची न्हाई म्हनंल."

मी म्हटलं, "मामा, भीतीपोटी म्हणले ते."
"ठावं हाय मला. भीतीपोटीच म्हणतंय मानूस. मी त्याच्या जागी आसतो तर मी बी म्हणलो आसतो." मग म्हणाले, "म्हणूनच तर त्याच्याकडं बघवत न्हाई."

आणि उठून वाड्याकडं गेले.

१८ जानेवारी

ह्यांचा फोन. खोली मिळाली चाकणला, पत्र्याची, पण हवा बरी आहे. रविवारच्या गाडीचं तिकीट काढू का दोघांचं, विचारत होते. मामांना विचारलं. "तू जा. तुझा संसार हाय."
"आणि तुमी एकटे काय करणार?"
"काय करायचं? बसायचं."
ह्यांना म्हटलं, दुपारी सांगते.

रावांच्या क्वार्टरमध्ये नवीन माणसं आलीत. बिहारची. पोरगी माझ्याच वयाची, कडेवर बाळ. पाणी कुठलं प्यायचं विचारायला वस्तीवर आली. सांगितलं, उकळून घे. तिनं आजूबाजूला बघितलं, तळं, रूळ, रिकामा वाडा. मामांना बघून डोक्यावर पदर घेतला आणि विचारलं, "बाबा, आप लोग इधर कब से हैं?"

मामांना ऐकू गेलं. "पैले से."
"पैले से, मतलब?"
"रूळ के पैले से."

ती हसली, तिला गंमत वाटली. "तो फिर यहीं रहेंगे आप लोग."

मामांनी माझ्याकडं बघितलं. बाळ खोकायला लागलं, ती त्याला थोपटत निघून गेली. तिची चादर क्वार्टरपुढच्या दोरीवर तशीच, पांढरी, नवी. तिला सांगायचं राहिलं, वारं तळ्याकडून फिरलंय.

फोन वाजतोय. ह्यांचाच असणार, दुपार झाली.